दोन टोकांची यादी

हे काम नणंदेचंच, याबद्दल घरच्या धाकट्या सुनेला तिळमात्र शंका नव्हती. दुसरं असणार कोण? रक्त तपासणीच्या त्या लॅबमध्ये कॉम्प्युटरवर नमुन्यांच्या नोंदी चढवायला या दोघीच. आठवड्यात तिसऱ्यांदा धाकटीची अख्खी यादी गायब झाली होती, आणि नणंदेची मात्र जागच्या जागी! धाकटी तीन महिन्यांच्या बोलीवर लागलेली. तुमच्या नावावर पुन्हा शून्य दिसलं तर येऊ नका, असं साहेबांनी बजावलं होतं.

पद्धत तशी साधी. दोनशे नमुन्यांची एकच यादी. नणंदेनं वरून भरत यायचं, धाकटीनं खालून, शंभरावर थांबायचं आणि बाराला सेव्ह करायचं. पण धाकटी कसली थांबतेय! ताई मुद्दाम चार नमुने गाळतील आणि खापर माझ्या डोक्यावर फोडतील, हा किडा पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात शिरलेला. म्हणून ती गुपचूप थेट एक नंबरापर्यंत भरायची. नणंद पाणी प्यायला उठली तरी हिची नजर तिच्या पाठीवर.

तिसऱ्यांदा यादी गेली तेव्हा तिनं साहेबांना लिहूनच दिलं, की ताई माझा पासवर्ड चोरून माझ्या नोंदी पुसतात.

साहेबांनी सॉफ्टवेअरवाल्याला बोलावलं. त्यानं तासभर खुडबुड केली आणि सांगितलं, कुणीही काही पुसलेलं नाही. बाराला सेव्ह करताना दोघींनी त्याच दोनशे नोंदी एकाच वेळी पाठवल्या, एकीनं वरून, एकीनं खालून. मध्ये गाठ पडली की पुढच्या नोंदी दुसरीच्या ताब्यात असतात, म्हणून ही तिच्यासाठी अडते, ती हिच्यासाठी. मग कॉम्प्युटर एकीला बाहेर काढतो, दर वेळी नव्या खात्यालाच, आणि तिची सगळी यादी जाते. दोघींनी वरूनच पाठवा, आधी चढलेली नोंद सोडून पुढे जा, आणि बाहेर पडलात तर पुन्हा पाठवा, एवढंच.

धाकटीचा चेहरा उतरला. तरी तिनं विचारलंच, "पण ताई, तुम्ही शंभरच्या पुढे का भरत होतात?"

"तुझ्या हातून एखादा सुटला तर तुला काढतील," नणंद म्हणाली. "म्हणून तुझेही भरून ठेवायचे."

साहेबांनी तक्रारीचा कागद नणंदेपुढे सरकवला. तिनं तो सावकाश, शेवटपर्यंत वाचला. माझं चुकलं, असं धाकटी पुटपुटली, पण नणंदेनं तिच्याकडे पाहिलं नाही.

"साहेब, हिला ठेवा, काम येतं तिला," ती म्हणाली. "फक्त मला दुसऱ्या खोलीत बसवा."