लग्नाविना ढावलो

संगीतानं जपानला जायचं नाही, हे आर्णीहून बसमध्ये चढतानाच धनसिंगनं ठरवून टाकलं होतं. यवतमाळला तो निघाला होता ते फक्त तिच्या जपानी शिकवणाऱ्या बाईंना तोंडावर नाही सांगायला. पोरगी शेजारी बसली होती. नर्सिंग शिकलेली, तिकडच्या म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी लागलेली, आणि बापाच्या एका होकारासाठी अडलेली. न विचारता निघून गेली असती तर निदान रागावता तरी आलं असतं. पण ही बया विचारत होती!

भीती त्याला विमानाची नव्हती. बंजाऱ्यांची लेक तांडा सोडते ती लग्न होऊन, आणि निघताना घरच्या एकेकाच्या गळ्यात पडून रडत रडत ढावलो गाते. ढावलो न गाता जी गेली ती पळून गेली, इतकं साधं होतं त्याचं म्हणणं.

बाईंचं नाव रत्नप्रभा. बरीच वर्षं जपानात राहून आलेल्या. घराच्या पुढच्या खोल्यांत त्यांनी जुन्या जपानी कवितांचं छोटं संग्रहालय थाटलं होतं. धनसिंगला वाटलं होतं तलवारी असतील. इथे तर कागदाच्या पट्ट्या, शाईचे कुंचले, एक रेशमी झगा आणि काचेच्या पेटीत चक्क वाळकी फांदी.

"हे काडी कायले जपून ठेवली?" नाही म्हणायच्या आधी काही बोलावं म्हणून त्यानं विचारलं.

"पूर्वी तिकडे कविता लिहून अशा फांदीला बांधून पाठवायचे, भाऊ. मनातलं तोंडानं बोलवत नसे ना."

"मंग आमच्या घरच्यासारखेच हायेत."

संगीता खुदकन हसली, आज पहिल्यांदाच. ते हसू धनसिंगला जिवापाड आवडायचं, आणि आज नेमकं तेच आडवं येत होतं.

आतल्या खोलीत एक चित्र होतं. पाठीवर गाठोडं घेतलेला तरुण, मागे दारात म्हातारे आईबाप.

"बाराशेहून अधिक वर्षांपूर्वीचे शेतकरी," बाई म्हणाल्या. "राजा त्यांना दूर समुद्रकाठी पहाऱ्यावर धाडायचा. निघताना त्यांनी म्हटलेल्या कविता त्यांच्या गावच्या बोलीतच टिपून ठेवल्या आहेत."

मग त्यांनी एक म्हणून दाखवली, सावकाश, स्वर लांबवत. धनसिंगला शब्द एकही कळला नाही. पण तो मध्येच अडखळणारा श्वास, पुन्हा वर चढणारा सूर... त्याच्या अंगावर काटा आला.

"हा तं ढावलो होय! पण गडीमाणूस गाऊन राह्यला?"

"हो बापू," संगीता म्हणाली. "मायबापाले सोडून चालला ना तो."

"लगन झालं काय त्याचं?"

"नाही. कामावर चालला."

धनसिंग चित्राकडे बघत राहिला. तेवढ्यात संगीतानं त्याच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला, "ये बापूऽऽ..."

पोरीला ढावलो येतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. सायकलच्या दांडीवर बसवून तिला शाळेत नेलं ते तिनं गायलं. तिची लाडकी बकरी मेली त्या दिवशी तिच्यासोबत तो उपाशी राहिला, तेही गायलं. धनसिंगनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि लहान पोरासारखा रडला.

रडणं ऐकून बाईंच्या शेजारची निशिगंधा धावत आली. "काय झालं? पोरीचं लगन जमलं काय?"

"नवरदेव नाही वं बाई," धनसिंग दुपट्ट्यानं नाक पुसत म्हणाला. "जपानले चालली."

संगीताचा सूर तिथेच तुटला. "बापू, खरंच?"

"आता सारं इथंच रडून टाकू नको. घरी तुह्या याडीचा, मायचा गळा हाये, काकीचा हाये, सारा तांडा हाये. एकट्या बापाजवळ रडून भागते काय?"