प्रश्नकाकूंची वही

गॅरेजवाल्या मिस्त्रींना प्रश्न विचारणारी गिऱ्हाइकं मुळीच आवडत नसत. गाडी द्यावी, संध्याकाळी न्यावी, मधल्या वेळात घरी बसावं. अठ्ठावीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली काढलेल्या माणसाला कोणी "हे असं का?" म्हटलं, की त्यांच्या कपाळावर आठी चढलीच. आणि देवाने नेमक्या त्यांच्याच नशिबात मागच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या काकू लिहून ठेवल्या होत्या.

काकू अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी चालवायला शिकल्या आणि त्यांनी जुनी, फिक्या निळ्या रंगाची, छोटीशी गाडी घेतली. गाडी कसली, डबीच. मागे दोन माणसं बसली तर तिसऱ्या पिशवीने मांडीवर बसावं. पण काकू तिला अशा पुसायच्या, की शोरूममधल्या गाड्यांना हेवा वाटावा.

पहिल्याच दिवशी त्या वही घेऊन आल्या. मापं लिहायचीच वही, पण उलटीकडून सुरू केलेली.

"मिस्त्री, चाकात हवा सकाळी भरायची की गाडी फिरवून आणल्यावर? पेट्रोलचा काटा तांबड्यावर आला तर घरापर्यंत पोहोचेन का? एसी लावला की चढावर ही कण्हते ती का? आणि हा किटलीचा दिवा कशाचा?"

"किटली?"

"ही बघा की. नळी आहे, थेंब पडतोय."

मिस्त्री हसू दाबायला गेले आणि खोकले. "काकू, ते इंजिनचं ऑइल आहे. चालता चालता तो दिवा लागला, तर गाडी तिथेच बंद करायची. आणि लिहूनच घ्या. काय झालंय ते कळत नसेल, तर कळेपर्यंत चाक हलवायचं नाही."

काकूंनी ते लिहून घेतलं आणि भोवती चौकट काढली.

मग दर शनिवारी वही यायची. गॅरेजात त्यांचं नाव प्रश्नकाकू पडलं, आणि ते ठेवलं मिस्त्रींनीच. "आल्या बघा, डोकं खायला!" असं ते म्हणायचे खरं, पण एका शनिवारी काकू आल्या नाहीत, तर हा गृहस्थ तीनदा रस्त्यावर डोकावून आला. कारण काकूंना एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा सांगावं लागत नसे. आणि ज्याला आपण हसतो तो प्रश्न पुष्कळदा आपल्यालाच येत नसतो, हेही मिस्त्रींना या वयात कळायला लागलं होतं. आठवडाभर उभी राहिलेली गाडी रुसते का, याचं उत्तर शोधताना बॅटरीबद्दल त्यांनाच दोन गोष्टी नव्याने समजल्या. अर्थात हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही.

काकूंनी ही डबी हौसेने घेतली नव्हती. घरात थोरली बहीण होती. तिची मूत्रपिंडं थकलेली, आठवड्यातून तीनदा मशीनवर रक्त शुद्ध करून घ्यायचं, आणि हॉस्पिटल घाटापलीकडे. इतके दिवस शेजारी नेऊन आणायचे. ते आता बिऱ्हाड हलवून दुसरीकडे चालले होते. थोरलीला गाडीत बसायची धास्ती. वरची कडी दोन्ही हातांनी धरून, डोळे ताणून बसायची. त्यात ती उपचारांनाही कंटाळली होती. तिने धाकटीला बजावलं होतं, "सोमवारी एकदा बसते तुझ्या गाडीत. एकदाच. जिवात जीव राहिला नाही, तर पुन्हा कुठे नेऊ नकोस मला. झालं तेवढं पुरे झालं."

त्या 'पुरे झालं'चा अर्थ काकूंना कळत होता. मिस्त्रींनाही त्यांनी तो सांगितला, एकदाच, वहीत बघत.

म्हणून त्या शनिवारी मिस्त्रींनी चारही चाकं काढून ब्रेक तपासले. चाकं परत बसवली, नट हाताने लावले, गाडी जॅकवरून खाली घेतली आणि मोठ्या पान्याने एकेक चाक आवळायला घेतलं. तीन चाकं झाली. चौथ्याशी वाकले, तेवढ्यात काकूंनी विचारलं, "घाटात चढावर थांबले आणि गाडी मागे घसरायला लागली, तर आधी काय करायचं?"

प्रश्न चांगला होता. वाईट असता तर पुढचं घडलं नसतं. मिस्त्रींनी पाना खाली ठेवला, काकूंना सीटवर बसवलं आणि हँडब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर यांचा मेळ दहा वेळा करून घेतला. अकराव्या वेळी डबी गॅरेजसमोरच्या चढावर रोवलेल्या दगडासारखी जागच्या जागी राहिली, तेव्हा मिस्त्रींनाच कोण आनंद! त्या आनंदात त्यांनी चारही चाकांवर टोपणं दाबून बसवली आणि काकूंना निरोप दिला.

वीस मिनिटांनी काकू परत आल्या. पायी.

"आवाज येतोय मिस्त्री. टक्, टक्, टक्."

"नवी गाडी घेतली की सहा महिने सगळेच आवाज ऐकू येतात, काकू. दगड अडकला असेल टायरमध्ये. घेऊन या इकडे, बघू."

"नाही आणणार. कोपऱ्यावर उभी केलीय."

"अहो, पाचशे पावलं तर आहेत!"

काकूंनी वही उघडून चौकट समोर धरली. "कळेपर्यंत चाक हलवायचं नाही. तुम्हीच सांगितलंय."

स्वतःच्याच शब्दांत अडकलेला माणूस करणार काय? मिस्त्री जॅक आणि पाना घेऊन निघाले. वाटेत काकू सांगत होत्या, "आधी वाटलं, इंजिनचाच आवाज. मग मशीन आठवलं. बॉबिन भरायची असली की आम्ही चाकाची फिरकी सैल करतो. चाक फिरतं, सुई थांबते. म्हटलं, इथेही तसंच करून बघू. गाडी चालती असताना क्लच दाबला. इंजिन सुटं झालं, पण टक् टक् थांबेना. गाडी हळू झाली तशी तीही हळू झाली. म्हणजे दुखणं सुईचं नाही, चाकाचं."

मिस्त्री चालता चालता थांबले. नव्या माणसाला हे शिकवायला त्यांना एक वर्ष लागायचं, आणि तरी निम्म्यांच्या डोक्यात शिरायचं नाही. ही बाई शिवणयंत्रावरून शिकून आली होती.

"कुठल्या बाजूचं चाक?" त्यांनी विचारलं, पण विचारतानाच त्यांना उत्तर कळलं आणि ते जवळजवळ पळायलाच लागले.

चौथ्या चाकाचं टोपण निघालं. नट दोन बोटांनी फिरत होते. चारही.

घाटात, सोमवारी, थोरली कडी धरून बसलेली असताना हे निखळलं असतं. क्षणभर मिस्त्रींच्या मनात आलंही, 'जरासे सैल होते' म्हणून आवळून टाकावेत. हिला काय कळणार? पण जिला क्लच दाबून बघायचं सुचलं, तिच्याशी खोटं बोलायला त्यांची जीभ वळेना.

"काकू, हे मी आवळलेच नाहीत. माझी चूक आहे."

काकूंचा चेहरा उतरला. "मीच मध्ये प्रश्न विचारला ना?"

"तुम्ही प्रश्न विचारलात. पाना मी खाली ठेवला." मिस्त्री जमिनीवरच बसले. "आणि तुम्ही ऐकलं नसतंत, तर..."

काकूंनी वही मिटून काखेत मारली. मग म्हणाल्या, "कपडा गिऱ्हाइकाला देण्याआधी मी प्रत्येक बटण ओढून बघते. चाळीस वर्षं झाली. द्या तो पाना इकडे."

चौथं चाक काकूंनी आवळलं. आधी एक नट, मग त्याच्या समोरचा, मिस्त्री सांगतील तसा. मग चारही चाकांची टोपणं काढून सोळाच्या सोळा नट त्यांनी पुन्हा तपासले, मोठ्याने मोजत. मिस्त्री टोपणं हातात धरून त्यांच्या मागे मागे फिरले. त्यांना लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा जास्त कौतुक.

सोमवारी मिस्त्रींचं कामात लक्ष लागेना. सकाळी डबी गेली तेव्हा ते कान देऊन उभे राहिले होते. टक् नाही, काही नाही. दुपारी डबी गॅरेजसमोर येऊन थांबली, तेव्हा ते हातही न पुसता धावले.

"आला का कुठे आवाज?"

"आला की," काकू म्हणाल्या. "जाताना, पहिल्या वळणापासून. हिच्या घोरण्याचा."

थोरली शेजारी बसली होती, थकलेली, हात मांडीवर. "उगाच काहीतरी. जरा डोळा लागला होता," ती फणकारली. मग तिने बहिणीकडे मान वळवली.

"परवा किती वाजता निघायचं ग?"

काकूंना उत्तर येत होतं, पण त्या पदराने स्टिअरिंग पुसत राहिल्या. शेवटी खिडकीशी वाकलेल्या मिस्त्रींनीच ते दिलं.

"आठ वाजता, ताई. पण साडेसातला गाडी इकडे आणा. बटणं ओढून बघू."