मेंढरांच्या चालीची मोटारसायकल

मित्रांनो, मी एक जुनी, छोटी मोटारसायकल आहे. काटेवाडीतल्या एका गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांशेजारी माझा मुक्काम असतो. हल्ली माझ्या सीटवर एक पांढरी कोंबडी येऊन बसते. मी तिला काही म्हणत नाही. या वयात कुणीतरी आपल्यावर हक्काने बसतंय, हेच पुष्कळ झालं.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात झाला, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. माझं खरं आयुष्य सुरू झालं ते बारामतीच्या एका दुकानात, एकोणीसशे ब्याण्णवच्या दसऱ्याच्या तोंडावर. त्या दिवशी सावळाराम गाडी घ्यायला आला होता. तो भवानीनगरच्या साखर कारखान्यात चिटबॉय होता, म्हणजे कुणाचा ऊस कधी तोडायचा हे बघत शेतोशेत फिरणारा माणूस. त्याचं मन माझ्या शेजारच्या थोराड, चकचकीत गाडीवर बसलं होतं. माझ्याकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही.

पण बरोबर त्याचे वडील होते, आबाजी. त्यांचा जन्म मेंढरांमागे गेला होता. आता गुडघ्यांनी दगा दिला होता आणि कळप थोरला मुलगा भिमा राखत होता. आबाजींनी गाड्या बघितल्या त्या बाजारात घोडं बघावं तशा. मेंढक्यांच्या फिरत्या संसाराला वाडा म्हणतात. त्यांच्या वाड्याचं सगळं ओझं पूर्वी चांदी नावाची एक घोडी वाहायची. चांदी म्हातारी होऊन गेली, तेव्हापासून आबाजींनी दुसरं जनावर पसंत केलं नव्हतं. दुकानदाराला त्यांनी एकेक गाडी चालू करायला लावली. थोराड गाडीच्या आवाजाला त्यांनी नकाराची मान हलवली. माझ्यापाशी आल्यावर मात्र डोळे मिटले आणि माझ्या टाकीवर तळवा ठेवला.

"हीच घ्यायची," ते म्हणाले. "हिच्या आवाजानं मेंढरं बुजायची न्हाईत."

दुकानदार हसला. सावळारामचे कान लाल झाले. पण वडिलांपुढे बोलायची रीत त्या घरात नव्हती, आणि मी काटेवाडीला आले.

आबाजींनी माझे फार लाड केले. पहिले काही दिवस तर संध्याकाळी माझ्यापुढे पाण्याची बादली ठेवायचे. मला पाणी लागत नाही हे सून कौसल्येने समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी बादली उचलली, पण जरा नाराजीनेच. मग त्यांनी चांदीच्या गळ्यातली पितळी घंटी माझ्या हँडलला बांधली. कुठे जायचं असलं की आबाजी गोठ्यात येऊन ती घंटी वाजवायचे, आणि घरातून सावळाराम म्हणायचा, "आलो, आबा."

आमचं जाणं बहुतेक एकाच ठिकाणी असे. कळंबच्या बाजूला भिमाचा कळप कुणाच्या ना कुणाच्या शेतात खतासाठी बसवलेला असायचा. तिथून तो दुसऱ्या शेताकडे निघाला की मीही मागून निघायचे. पहिल्या गिअरमध्ये, थोडं चालायचं, थोडं थांबायचं. मागे आबाजी, मांडीवर काठी आडवी. कोकरं माझ्या चाकाशी येऊन हुंगायची. ज्यांना फार चालता येत नव्हतं ते आबाजी माझ्यावर बसून पुन्हा मेंढरांमागे चालत होते, आणि मला वाटायचं, माझा जन्म याचसाठी झाला असणार.

दिवाळी झाली की कळप कोकणाकडे निघे. त्या घरची एक रीत होती. वाडा निघताना थोरल्या माणसाने मेंढरांबरोबर शिवेपर्यंत जायचं, तिथे ओळखीच्या मेंढीच्या पाठीवर हात फिरवायचा आणि मगच मागे फिरायचं. तीन दिवाळ्या आबाजींनी ही रीत माझ्यावर बसून पाळली.

चौथ्या वर्षी माझं रूप पालटलं. कारखान्यात सावळारामची थट्टा व्हायची. धनगराचा पोरगा गाडीवर बसला तरी मेंढरांमागेच, असं कुणीतरी बोललं, आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. त्यात मेव्हणा ऋषिराज पाहुणा आला. तो नुकताच कॉलेजात गेला होता आणि गाड्यांचं वेड डोक्यात भरलं होतं. "दाजी, जरा काम केलं तर हीच गाडी वाऱ्याशी बोलंल," असं तो म्हणाला, आणि सावळाराम विरघळला.

झालं, मला गॅरेजात नेलं. माझा सायलेन्सर काढून फाडफाड वाजणारा नळकांडा बसवला. साखळीचं पुढचं चक्र बदलून जास्त दात्यांचं घातलं. हँडल खाली केलं. लांब, सपाट सीट गेली, तिच्या जागी मागे टोक काढलेली अरुंद सीट आली. मागे बसताना कौसल्या पाय ठेवायची ती पट्टीही गेली.  तिने मात्र माझा जुना सायलेन्सर आणि सीट भंगारात जाऊ दिली नाही.

खोटं कशाला बोलू, पहिल्या दिवशी मलाही मजा आली. इंदापूरच्या रस्त्याला ऋषिराजने मला अशी पळवली, की माझं मलाच आश्चर्य वाटलं. लोक वळून बघत होते. सावळारामच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

पुढच्या रविवारी आबाजींनी घंटी वाजवली. त्या टोकदार सीटवर ते कसेबसे टेकले, धरायला काही नव्हतं म्हणून मुलाच्या सदऱ्याला धरून बसले. कळपाजवळ आल्यावर मी सावकाश चालायला गेले, तर मला जमेना. नवं चक्र मला सारखं पुढे ढकलायचं, सावळाराम आवरायला जायचा आणि मी आचके देऊन बंद पडायचे. त्याने मला पुन्हा चालू करून मूठ पिळली. नळकांड्यातून असा बार निघाला, की सगळा कळप उधळला आणि शेजारच्या उभ्या उसात घुसला. मेंढरं बाहेर काढता काढता भिमाची दुपार गेली. आबाजी बांधावर बसून होते. गुडघे धरून नुसत्या हाका घालत होते. त्या दिवशी ते दूधवाल्याच्या टेम्पोतून घरी आले.

 दिवाळी जवळ आली तेव्हा ते म्हणाले, "औंदा शिवेपातुर भिमाच जाईल. मी हितंच बसतो."

दुसऱ्या दिवशी कामाला निघताना सावळारामला माझ्या हँडलची घंटी दिसली नाही. पडली असेल म्हणून त्याने अंगण धुंडाळलं. शेवटी ती त्याला गोठ्यातल्या खुंटीवर सापडली. त्या खुंटीवर चांदीचा लगाम होता, तिचं खोगीर होतं, आणि आता त्यांच्याशेजारी ती घंटी टांगलेली होती. गेलेल्या जनावराची खुंटी होती ती.  सावळारामने डोळे पुसले आणि कौसल्येला हाक मारली.

"गाडीचा जुना सायलेन्सर कुठं हाय गं?"

तो परसात होता. तिने त्याच्यावर दोडक्याचा वेल चढवला होता. नवऱ्याला सांगायची सोय नव्हती, म्हणून वेलाचं निमित्त करून तिने तो राखला होता. "दोडके न्हाय तुटले पायजेत," ती म्हणाली, आणि मग दोघांनी बसून तो वेल हळूहळू सोडवला. सीट तिने माळ्यावर पोत्यात बांधून ठेवली होती. सावळारामने त्या दिवशी कामावर रजा टाकली, मला गॅरेजात नेलं आणि साखळीचं चक्र, हँडल, सगळं पहिल्यासारखं करून घेतलं. कुणी काय म्हणेल याची त्याला आता फिकीर नव्हती.

वाडा निघायच्या सकाळी त्याने मला अंगणात आणून चालू केलं. माझा जुना, हळू आवाज ऐकून आबाजी काठी टेकत बाहेर आले. त्यांनी माझ्या टाकीवर तळवा ठेवला, डोळे मिटले. मग गोठ्यात गेले, घंटी घेऊन आले आणि आपल्या हाताने बांधली. गाठ नीट बसेना, तेव्हा सोडून पुन्हा बांधली. सावळारामने ती बांधू लागायला हात पुढे केला नाही. तो थांबला.

शिवेवर कळप माझ्या दोन्ही अंगांनी पुढे गेला, आणि मागे बसलेल्या आबाजींचा हात एकेका पाठीवरून फिरत राहिला.

आबाजींना जाऊन आता बरीच वर्षं झाली. मित्रांनो, तुम्हीही कधीतरी गाडी घ्याल. हौसेने घ्या, जमेल तशी सजवा. पण घ्यायला जाताना घरात जो सगळ्यांत सावकाश चालतो, त्याला बरोबर न्या, आणि आधी त्याला मागे बसवून बघा.

घंटी अजून माझ्या हँडललाच आहे. ती पांढरी कोंबडी कधी उडी मारून उतरते आणि घंटी वाजते. मग घरातून सावळाराम म्हणतो, "आलो, आबा." मग त्याचं त्यालाच उमगतं. तरीही तो बाहेर येतो, माझ्या टाकीवर हात ठेवतो, आणि थोडा वेळ माझ्यापाशी बसतो.