सहीखालची रेघ

साहेबांच्या कागदांचे खोके विद्यापीठाच्या तळघरात येऊन पडले आणि दुसऱ्याच दिवसापासून दप्तरबाईंना एका माणसाचा संशय यायला लागला. तो माणूस रोज सकाळी हात जोडून, "कशा आहात बाई?" असं विचारून त्यांच्या समोरच्याच खुर्चीत येऊन बसत होता.

साहेब म्हणजे पूर्वीचे कुलगुरू. त्याआधी ते मंत्री होते. निवडणुकीत आपटले म्हणून पक्षाने त्यांची इथे सोय लावली, असं लोक तेव्हा उघड बोलायचे. पुढे तेच लोक त्यांना देवमाणूस म्हणायला लागले. कुणाला वसतिगृहात जागा मिळाली, कुणाची आजारपणात बुडालेली परीक्षा पुन्हा घेतली गेली, कुणी कायम झालं. ज्याच्या त्याच्या तोंडी साहेबांचीच गोष्ट. आता ते फार थकले होते, अंथरुणाला खिळले होते. ग्रंथालयातल्या एका दालनाला त्यांचं नाव द्यायचं आणि त्यांच्या कारभाराचे सगळे कागद तिथे नीट लावून ठेवायचे, असं विद्यापीठाने ठरवलं होतं. कागद लावायला बोलावलं ते दप्तरबाईंना. त्यांनी रेकॉर्ड रूम इतकी वर्षं सांभाळली होती की निवृत्त झाल्यावरही त्यांना कुणी नावाने हाक मारत नव्हतं.

समोर येऊन बसणारा माणूस म्हणजे साहेबांचा जुना सचिव. मंत्रिपदाच्या दिवसांपासून तो साहेबांच्या मागे एक पाऊल असायचा, म्हणून सगळे त्याला सावली म्हणायचे. साहेब विद्यापीठात आले तेव्हा ही सावलीही आली. आता केस पांढरे झाले होते, एका पायाने जरा ओढत चालायचा, पण शर्टाची कडक इस्त्री तीच होती.

"साहेबांच्या घरच्यांनी सांगितलंय, बाईंना मदत कर," तो पहिल्या दिवशी म्हणाला होता.

मदत कसली! दप्तरबाई फायली सोडवायच्या, गंजलेल्या टाचण्या काढून डबीत टाकायच्या, कागद वर्षावार लावायच्या. सावली तेच कागद पुन्हा चाळायचा, मधूनच एखादा उचलून डोळ्यांजवळ न्यायचा आणि खुर्चीच्या पायाशी ठेवलेल्या आपल्या चामडी पिशवीवर उपडा ठेवायचा.

"ते कशाला काढलंत?"

"खाजगी आहे. घरी द्यायचंय."

"आवक क्रमांक पडलेला कागद खाजगी कसा हो?"

"बाई, तुम्ही निवृत्त झालात ना?" सावली हसून म्हणाला. "जरा सुखाने बसा की."

दप्तरबाईंचं लक्ष कागदांवरून उडालं ते पिशवीवर जाऊन बसलं. नवीन इमारतींचे ठेके, भरती, परदेशातले दौरे. मंत्रिपदावरून आलेला माणूस. झाकण्यासारखं काहीतरी असणारच. दालनाचं उद्घाटन होण्याआधी सावली घर झाडून घेत होता.

दुपारी तो डबा खायला वर गेला. पिशवी घेऊन गेला, पण उपड्या कागदांचा गठ्ठा खुर्चीवरच राहिला. दप्तरबाईंनी दाराकडे पाहिलं आणि गठ्ठा उलटा केला.

इमारती नाहीत. ठेके नाहीत. पहिला कागद वसतिगृहात जागा मागणाऱ्या मुलीचा. दुसरा, वडील गेले म्हणून परीक्षा बुडलेल्या मुलाचा. तिसरा, नजर अधू झालेल्या एका शिक्षकाला वाचून दाखवायला माणूस हवा म्हणून. प्रत्येकावर साहेबांच्या हातचा शेरा: योग्य आहे, तात्काळ करावे. खाली सही. म्हणजे ज्या गोष्टींसाठी साहेबांना लोक देव मानत होते, नेमक्या त्याच सावली लपवत होता! ठेक्यांच्या फायली त्याने उघडूनही पाहिल्या नव्हत्या. चोराने तिजोरी तशीच ठेवून देवघरातली फुलं पळवावीत, तसला हा प्रकार.

पावलं वाजली तेव्हा गठ्ठा होता तसा झाला होता आणि दप्तरबाई टाचण्या मोजल्यासारखं करत होत्या.

त्या संध्याकाळी घरी वन्संनी दार उघडलं आणि नेहमीप्रमाणे पाठ फिरवली. दप्तरबाईंचे यजमान गेल्यापासून घरात या दोघीच होत्या. वहिनी आणि नणंद. भांडण नव्हतं. बोलणं होतं, पण ते कामापुरतं: नळ गळतोय, औषध संपलंय, कुणाचा तरी फोन येऊन गेला.

"आज उशीर?"

"कागद फार आहेत."

"असणारच. देवमाणसाचे कागद!" वन्संनी ताट जरा जोरातच ठेवलं. "त्यांचे उपकार फेडायला एक जन्म पुरायचा नाही, वहिनी. तुम्हाला तरी."

'तुम्हाला तरी' हे दोन शब्द दप्तरबाई तीस वर्षं ऐकत आल्या होत्या.

तेव्हा दोघी विद्यापीठात हंगामी टायपिस्ट होत्या. लग्न होऊन या घरात आल्यावर दप्तरबाईंना नोकरीचा नाद लावला तो वन्संनीच. एकाच डब्यात दोघींचं जेवण, एकाच छत्रीत दोघींचा रस्ता. खोलीभर टंकयंत्रांचा खडखडाट असायचा आणि दोघींना एकमेकींच्या यंत्राचा आवाज त्यातूनही ओळखू यायचा. मग हंगामी लोकांना कमी करायची हवा उठली. दोघींनी एकाच यंत्रावर, मधे कार्बन घालून, कायम करण्याचे अर्ज टाइप केले. फक्त नावाची जागा वेगळी. त्याच आठवड्यात सासूबाई पडल्या, वन्सं रजेवर गेल्या, म्हणून दप्तरबाई एकट्याच साहेबांना भेटल्या. साहेबांनी अर्ज वाचला, घरी कोण कोण असतं ते विचारलं, शेरा मारला. दप्तरबाई कायम झाल्या. वन्सं पुढे रजेवरून आल्यावर भेटल्या, त्यांनाही शेरा मिळाला, पण त्यांचा अर्ज कुठेतरी जिरला आणि महिन्याअखेर त्या घरी बसल्या.

एकाच मजकुराचे दोन अर्ज, मग एकीचंच कसं झालं? टायपिंगच्या खोलीत कुजबुज झाली. आणि घरी वन्संच जेवताना म्हणाल्या होत्या, "दार लावून काय बोलणं झालं, कोण जाणे."

यजमान हातातला घास धरून क्षणभर थांबले होते. बोलले काहीच नाहीत. चांगला माणूस, कधीच काही बोलले नाहीत. फक्त शेवटच्या आजारपणात एकदा, छताकडे बघत, सहज विचारावं तसं म्हणाले, "तुझंच कसं गं झालं?" दप्तरबाईंनी सांगितलं, "साहेब भले होते म्हणून." त्यांनी मान हलवली. पटून हलवली की दमून, ते दप्तरबाईंना अजून कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दप्तरबाईंनी स्वतःच्याच सालाची फाईल सोडवली. त्यांचा अर्ज तिथे असायला हवा होता. नव्हता. मागचापुढचा कागद होता, मधला नव्हता, आणि दोऱ्याचं भोक मात्र सैल पडलं होतं.

त्या उठल्या आणि सावलीसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"माझा अर्ज द्या."

"कुठला अर्ज?"

"पिशवी उघडा. नाहीतर मी वर जाऊन ग्रंथपालांना सांगते, सरकारी कागद बाहेर चाललेत म्हणून."

सावलीने पिशवी मांडीवर घेतली आणि कागद काढून त्यांच्या हातात दिला. "घ्या. घरी न्या, फाडून टाका. तुमच्याच भल्याचं सांगतो."

कागद पिवळा पडला होता. अर्ज कार्बनवरचा नव्हता, वरची प्रत होती. शेरा तोच. योग्य आहे, तात्काळ करावे. सही.

"यात फाडण्यासारखं काय आहे?"

"सहीखाली बघा."

"काही नाही सहीखाली."

"तेच तर," सावली म्हणाला. त्याने ठेक्याची एक फाईल ओढली आणि उघडून शेजारी धरली. तिथेही साहेबांची सही होती, पण तिच्याखाली एक आडवी रेघ होती, पेन दाबून ओढलेली.

"मंत्र्याच्या दारात रोज जत्रा असायची, बाई. नाही म्हटलं की मत गेलं. म्हणून साहेब कुणालाच नाही म्हणत नसत. सगळ्यांच्या कागदावर हेच लिहायचे. माणूस खूश होऊन जायचा. सहीखाली रेघ असली की आम्ही काम करायचो. नसली की कागद ठेवून द्यायचो. आमच्या कचेरीत शिपायालासुद्धा माहीत होतं."

"आणि इथे?"

"इथे आलो आणि मी जिन्यावरून पडलो. हा पाय. दोन महिने प्लास्टरमध्ये. साहेबांनी कागद थेट कुलसचिवांकडे पाठवले. तो मास्तर माणूस! वर लिहिलंय तात्काळ करावे, तर यांनी तात्काळ केलं. मी परत येऊन बघतो तो निम्मं गाव साहेबांचे गोडवे गातंय." सावली हसला. "साहेबांना सांगितलं, तर म्हणाले, आता होऊन गेलं ते राहू दे, यापुढे तू बघ. पुढचं मी बघितलं."

दप्तरबाई स्टुलावर बसल्या. साहेबांनी घरची चौकशी केली होती तो आवाज त्यांना अजून आठवत होता. "माझी नणंदही येणार आहे, साहेब, ती माझ्यापेक्षा हुशार आहे," असं त्यांनी तेव्हा सांगितलं होतं. साहेबांनी किती प्रेमाने मान डोलावली होती! पहिला कायम पगार झाला त्या दिवसापासून रोज सकाळी साहेबांच्या नावाने हात जोडायची सवय होती. इतकी वर्षं.

"म्हणजे मला नाही म्हटलं होतं."

"सगळ्यांनाच म्हटलं होतं. आता या दालनात उद्या कुणीतरी अभ्यासक येऊन बसणार, कागद शेजारी शेजारी लावणार. रेघ त्याच्या लक्षात आली म्हणजे? म्हातारा माणूस आहे हो. देव म्हणून जाऊ दे की त्याला."

दप्तरबाईंच्या डोक्यात मात्र दुसरंच चालू झालं होतं. "तुम्ही प्लास्टर काढून परत आलात, आणि त्यानंतर वन्सं रजेवरून येऊन साहेबांना भेटल्या," त्या पुटपुटल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही ठेवून दिलेले कागद कुठे आहेत?"

"ते कशाला?"

"कुठे आहेत?"

ते शेवटच्या खोक्यात होते, जाड दोरीने बांधलेले. वन्संचा अर्ज सापडायला वेळ लागला नाही. कार्बनची निळसर प्रत, तोच शेरा, तीच सही. रेघ नाही.

"दोन्ही कागद इथेच राहणार," दप्तरबाई म्हणाल्या. "पिशवीतले बाकीचेही. आवक क्रमांकाप्रमाणे."

"आणि बोलणार कुणाकुणाला?" आता संशय सावलीच्या डोळ्यांत होता.

"एका बाईला. पुढचं ती ठरवेल."

वन्सं यायला तयार नव्हत्या. "मला कशाला तिथं? तुमच्या देवाचं दर्शन घ्यायला?" पण दुसऱ्या दिवशी त्या चप्पल घालून दारात उभ्या होत्या. बसमध्ये दोघी वेगवेगळ्या बाकांवर बसल्या.

तळघरात दप्तरबाईंनी दोन्ही अर्ज टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि रेघेची गोष्ट सांगितली. सावली भिंतीशी उभा होता. वन्संनी चष्मा बदलला. एक सही पाहिली, दुसरी पाहिली, मग रेघ असलेली तिसरी. कागद उजेडात धरून मागूनही पाहिला.

"ही तुम्ही आता केलेली नाही कशावरून?"

"काय?"

"सही. कागद तर तुमच्याच ताब्यात आहेत. आणि हे गृहस्थ तुमच्या ओळखीचे."

"अहो बाई," सावली न राहवून म्हणाला, "यांना खोटंच करायचं असतं तर स्वतःच्या अर्जावर सहीखाली रेघ नसती का मारली? साहेबांनी आपल्यालाही नाहीच म्हटलं होतं, असं कोण मुद्दाम सिद्ध करतं?"

वन्संनी आपला अर्ज पुन्हा वाचला, सगळा, अगदी खालच्या तारखेपर्यंत. त्यांचा अंगठा निळसर अक्षरांवर फिरत होता.

"वन्सं," दप्तरबाईंनी विचारलं, "तुम्हीही त्याच केबिनमध्ये गेला होतात. माझ्यानंतर."

"हं."

"तुम्ही आत गेल्यावर दार कुणी लावलं?"

वरच्या मजल्यावर कुणीतरी टेबल सरकवलं. वन्संनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला.

"आपोआप लागलं," त्या म्हणाल्या. "स्प्रिंग होती त्याला."

दप्तरबाईंना छताकडे बघणारे यजमान दिसत होते, आणि त्यांना हे उत्तर द्यायला आता फार उशीर झाला होता. त्यांनी दोन्ही अर्ज उचलले, तारखेप्रमाणे फायलीत घातले आणि दोरा ओवला. भोक सापडेना. वन्संनी फाईल आपल्याकडे ओढली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवून गाठ मारली.

"दोरा अजून धड ओवता येत नाही तुम्हाला, वहिनी," त्या म्हणाल्या. मग सावलीकडे वळल्या. "आणि तुम्ही हो, उभे काय राहिलात? ती पिशवी इकडे आणा. आधी त्यातलं सगळं बाहेर काढा, माझ्यादेखत."