सदतीस अंशांचं पाणी

संपाचं दुसरं वर्ष. ह्यांचं गिरणीतलं वायरमनचं काम बंदच होतं. दादरच्या एका रक्त तपासणाऱ्या लॅबमधला एरिक ओळखीचा. तो म्हणाला, "उत्तमराव, रक्ताच्या नळ्या ठेवायला गरम पाण्याची टाकी पाहिजे. कंपनीची परवडत नाही. पाणी सदतीस अंशांवर राहायला हवं, बस्स. चांगली निघाली तर आणखी लॅबवाले आहेत."

डिलाईल रोडच्या आमच्या खोलीत देव्हाऱ्याशेजारी टाकी उभी राहिली. आत हीटर, बाहेर सर्किट. प्रश्न होता तो हीटर चालू-बंद कशाने करायचा याचा. लॅमिंग्टन रोडच्या दुकानदाराने ट्रायॅक दाखवला, बोटाच्या पेराएवढा, तीन पायांचा. ह्यांनी तो परत दिला आणि मोडीतला एक रिले, लोखंडी पट्टीने टोकं जुळवणारा जुना स्विच, उचलला.

"ट्रायॅक मुका," हे मला म्हणाले. "आत काय करतो ते कळत नाही. रिले टक् करतो. मशीन चाललंय ते कानाला कळलं पाहिजे."

"आणि माझा जप?"

"तुझा देव गिरणगावातलाच ना? त्याला सवय आहे."

सोमवारी मी दिवेलागणीपर्यंत मौन पाळते. एरिक टाकी न्यायला आला तो सोमवारीच. त्या दिवशी सकाळी हे टाकी चालू ठेवून शिवडीला टेम्पो ठरवायला गेले. "हात लावू नको हां," जाताना बजावलं. मी पोथी घेऊन बसले. टक् होत होतं, थांबत होतं, परत होत होतं. मग बराच वेळ काहीच नाही. पाहिलं तर पाण्यावर वाफ, पारा बावन्नवर, आणि हीटरचा लाल दिवा पेटलेला. मी प्लग ओढला.

हे आले तोवर पाणी निवलं होतं.

"टकटक नको म्हणून काढलास ना?" ह्यांनी प्लग परत लावला. त्या धक्क्याने अडकलेला रिले सुटला असावा, कारण तो पुन्हा नीट वाजू लागला. मी खुणा केल्या. "कळलं, कळलं. आज जाणारच आहे ती."

दुपारी एरिकने पारा पाहिला. "बरोबर सदतीस. वहिनी गप्प का?"

"सोमवारचं मौन."

"आमच्या रोझलापण एखादा सोमवार द्या की."

दोघांनी टाकी उचलली. दारापर्यंत गेले.

"नेऊ नका," मी म्हणाले. "सकाळी तो अडकला होता. पाणी बावन्नवर गेलं, म्हणून प्लग काढला."

एरिकने आपली बाजू हळूच खाली ठेवली. "बावन्नवर रक्त खराब होतं, उत्तमराव. रिपोर्ट चुकला तर पेशंटला भलतंच औषध जाईल." एरिक रिकाम्या हाताने गेला.

मग ह्यांनी रिले उघडला. आतली दोन टोकं काळी पडलेली, एका कडेला वितळून एकमेकांना चिकटल्याचा डाग. मी परत मौन धरलं होतं.

मंगळवारी ह्यांनी ट्रायॅक आणला. सोबत एक साधा थर्मोस्टॅट. "हा चाळीसवर सगळी वीजच तोडतो," हे म्हणाले. "ट्रायॅकही कधी अडकतो, दुकानदार म्हणाला. एकावर भरवसा नको." मी मोडलेल्या मौनाबद्दल उपास आणि मौन दोन्ही धरलं होतं, म्हणून नुसती मान हलवली.

एरिकच्या साहेबांनी तोवर कंपनीची टाकी घेतली. आमची परळच्या एका लॅबमध्ये गेली, पण ह्यांनी ती आठवडाभर घरात चालवून पाहिल्यावरच.