उजव्या बाजूचं वजन

बावीस वर्षं ब्लाऊज शिवणाऱ्या सत्यशीलाला एक गोष्ट डॉक्टरांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होती, की कोणत्याही बाईची डावी आणि उजवी बाजू सारखी नसते. ब्रह्मपुरीतल्या अर्ध्याअधिक बायकांची मापं तिच्या वहीत होती. टेप लावला की फरक कुठे आहे ते तिच्या बोटांना कळायचं, आणि टक्स, म्हणजे छातीवरची चुणी, नेमका तिथे सरकायचा. ब्लाऊज घातलेल्या बाईला दोन्ही बाजू सारख्या दिसायच्या आणि ती खूश होऊन जायची.

चंद्रपूरच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की चार केमो झाल्यावर उजवा स्तन पूर्ण काढावा लागेल. त्या दिवशी सत्यशीला पोटभर रडली. मग डोळे पुसून तिने जे विचारलं, ते ऐकून नवरा हरिदास खुर्चीतच अवघडला.

"मॅडम, काढल्यावर तिथी काय राहते?"

डॉक्टरीणबाईंनी केसपेपर उलटा केला आणि पेनाने एक तिरपी रेघ ओढली. "सपाट छाती आणि अशी एक खूण," त्या म्हणाल्या. सत्यशीला त्या रेघेकडे बराच वेळ बघत राहिली. रेघ नुसती बघून कापड अंगावर कसं बसेल ते सांगता येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

दुसऱ्या केमोला तिच्या शेजारच्या पलंगावर ताराबाई होती. पंचावन्नच्या पुढची, सिंदेवाहीकडच्या एका तलावाकाठच्या गावातली. तलावातली मासोळी धरायची आणि बाजारात विकायची, हा तिचा धंदा. तिचं ऑपरेशन आधीच झालं होतं आणि केमो नंतर चालू होत्या. दोघींच्या डोक्यावर केस नव्हते. सत्यशीलाने ओढणी घट्ट बांधली होती, तर ताराबाईने पदर नुसता टाकला होता. तो घसरला तरी तिला त्याची फिकीर नव्हती.

सत्यशीलाचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. ताराबाई दर थोड्या वेळाने ब्लाऊजच्या गळ्यात हात घालून काहीतरी खाली ढकलत होती. चार वेळा ढकलून झाल्यावर तिचं लक्ष सत्यशीलाकडे गेलं.

"लुगड्याचा तुकडा हाय," ती म्हणाली. "गुंडाळी करून ठेवतो. दोन पावलं चाललं का गळ्यापाशी येते. मांगच्या बुधवारी तं बाजारात वाकली न् टपकन तराजूत पडला. गिऱ्हाईक म्हणे, बाई, ही कोणती मासोळी?"

सत्यशीलाला हसू आलं. केमोने तोंड लोखंड चघळल्यासारखं झालं होतं, तरी ती हसली. मग हसण्याच्या भरातच तिने विचारून टाकलं.

"ताराबाई, मले दाखवसान का? ते जागा?"

विचारलं आणि तिचे कान तापले. ताराबाईने तिच्याकडे नीट पाहून घेतलं.

"तुह्यं व्हायचं हाय का अजून?"

"हव. दोन महिन्यांनी."

"मंग पाहूनच घे. मले कोणी दाखवलं नव्हतं."

सलाईन संपल्यावर दोघी पडद्यामागे गेल्या. ताराबाईने ब्लाऊजचे हूक काढले. सत्यशीलाने मनात खड्डा धरला होता. लाल, भयंकर, जवळ जायला भीती वाटेल असा खड्डा. प्रत्यक्षात तिथे काखेपासून मध्यापर्यंत गेलेली एक फिकट रेघ होती आणि भोवती सपाट कातडी, आठ वर्षांच्या पोरीच्या छातीसारखी. काखेकडे कातडीची थोडी चुणी पडली होती.

"शिवण साफ आली हाय," सत्यशीलाच्या तोंडून निघालं. "फक्त इथी काखेत कापड जास्त राह्यलं."

"हात लाव."

तिने दोन बोटं टेकवली. "कळते?"

"नाई. बाजूले कळते. मंधात कोणी दुसऱ्याच बाईले हात लावून राह्यलं असं वाटते."

बाहेर नर्सने हाक मारली आणि दोघी शाळा बुडवलेल्या पोरींसारख्या बाहेर आल्या. परतीच्या गाडीत सत्यशीला खिडकीला डोकं टेकून बसली होती. हरिदासला वाटलं, केमोचा त्रास होतोय. ती मात्र त्या लुगड्याच्या तुकड्याचाच विचार करत होती. तो वर का चढत होता? कापसाची उशी लावून बघू म्हटलं, तर तीही वर चढणार. मूल गावाच्या पुढे कुठेतरी तिला उत्तर सापडलं. त्याला वजन नव्हतं. खरा स्तन आपल्या वजनाने जागेवर राहत होता. त्याच्या जागी हलकं काही ठेवलं तर ते भटकणारच.

मग पुढचा प्रश्न आला. वजन किती?

हरिदास ब्रह्मपुरीच्या एका कॉलेजात, विज्ञानाच्या प्रयोगशाळेत परिचर होता. काचेच्या नळ्या धुणं, तराजू पुसणं, पोरांपुढे सामान मांडणं, यात त्याची तीस वर्षं गेली होती. एका रविवारी जेवताना सत्यशीलाने विचारलं, "एखांदी वस्तू कापाची नाई, सोडवाची नाई, अन् तिचं वजन काढाचं, तं कसं काढतेत?"

"पाण्यात बुडवाची," तो सहज बोलला. "काठोकाठ भरलेल्या भांड्यात. जेवढं पाणी सांडलं तेवढं तिचं आकारमान. मंग त्यावरून..."

त्याचा घास तसाच राहिला. बायको काय विचारते आहे ते त्याला उमगलं. तो मान खाली घालून जेवला, हात धुतले आणि कॉलेजात जाऊन मोजपात्र घेऊन आला. वाटेत भेटलेल्या शिपायाला काय सांगितलं, ते त्याने कधीच सांगितलं नाही.

दुपारी दार लावून त्यांनी गंज, म्हणजे मोठं पातेलं, परातीत ठेवला आणि कोमट पाण्याने काठोकाठ भरला. सत्यशीला गुडघ्यांवर बसून वाकली. उजवा स्तन पाण्यात उतरला तसं पाणी काठावरून हलकेच परातीत ओघळलं. ते थांबेपर्यंत ती श्वास धरून होती.

"सहाशे तीस," हरिदासने मोजपात्र डोळ्यांच्या रेषेत धरून वाचलं.

"बरोबर हाय?"

"एका वेळेचं माप माप नसते. तीनदा घ्या लागते."

दुसऱ्यांदा सहाशे चाळीस आलं. तिसऱ्या वेळी हरिदासकडून थोडं पाणी फरशीवर सांडलं. तो उठला, गंज पुन्हा भरला आणि तिसरं माप नव्याने घेतलं. मग डाव्याचंही घेतलं. ते पाचशे नव्वद निघालं.

"पाहा," सत्यशीला म्हणाली, "मी सांगत होती ना, सारखे नसतेत."

"चरबी पाण्याहून हलकी राहते," तो म्हणाला. "उजव्याले सहाशे ग्राम धर."

ब्लाऊजच्या मापांच्या वहीत तिने स्वतःच्या नावापुढे दोन्ही आकडे लिहिले. बावीस वर्षांत त्या वहीत तिचं स्वतःचं माप पहिल्यांदाच चढलं.

पिशवी शिवणं सोपं होतं. मऊ सुती कापडाचे तीन तुकडे, समोर गोलाई, मागे सपाट. भरायचं काय, तिथे गाडी अडली. खांद्याला टांगून पाहिलं, तर तांदूळ चालताना करकरायचा. वाळूने खांदा ओढला जायचा. मग शेजारच्या शेतातलं जवस तिने ओंजळीत घेतलं, तर ते बोटांमधून पाण्यासारखं निसटलं. जवस गार होतं, गुळगुळीत होतं आणि वाकलं की आपोआप पुढे यायचं. पण पुन्हा अडचण आली. पिशवी मापाची केली तर वजन कमी भरायचं, वजन पुरं केलं तर पिशवी मापाबाहेर जायची.

तिसऱ्या केमोला तिने हे ताराबाईला सांगितलं. ती ताराबाईची शेवटची केमो होती.

"यात काय हाय," ताराबाई म्हणाली. "जाळं बुडाले जाते ते कशानं? काठाले मातीचे मणी असतेत. आमचे उमाजी भट्टीत भाजून बनवतेत. थोडे मणी बुडाले टाक, वरतं जवस टाक." मग म्हणाली, "तू घरीच ये ना वं एकदा. माह्यं बी माप घे."

चौथी केमो होऊन अंगात जीव आल्यावर सत्यशीला हरिदासला घेऊन सिंदेवाहीला उतरली आणि तिथून ताराबाईच्या गावी गेली. हरिदास बाहेर मांडवात ताराबाईच्या नवऱ्याजवळ, उमाजीजवळ बसला. उमाजी मणी दाखवत होता आणि हरिदास त्याला माती कोणती, किती भाजता, असं विचारत होता. दोघांचं छान जमलं. आत दोघींनी दार लावून डाव्या बाजूचं माप घेतलं. मासोळीच्या तराजूवर जवस आणि मणी तोलले. सत्यशीलाने तिथेच हाताने टाके घातले.

ताराबाईने पिशवी आत ठेवली. ती उभी राहिली, चालली, वाकली, टोपली डोक्यावर घेतली. पिशवी जागेवरून हलली नाही. तिने खांदे हलवून पाहिले.

"माय," ती हळूच म्हणाली. "चार महिने मी तिरपी चालून राह्यली होती, हे मले आता कळलं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती तशी एका जागी थांबणारी बाई नव्हती. "पाण्यात चालते का पाहू," म्हणाली आणि सत्यशीला नको नको म्हणत असताना तलावाकडे निघाली. छातीएवढ्या पाण्यात उतरून तिने जाळ्याची दोरी ओढली. दुखरा हात जपून ती डाव्या हाताने ओढत होती. सत्यशीला काठावर उभी राहून बघत होती. पहिल्यांदा सगळं ठीक होतं. मग ताराबाईने ब्लाऊजमध्ये पाहिलं आणि ती तशीच बाहेर आली. छातीवरून चिकट, बुळबुळीत लाळ ओघळत होती. भिजलेलं जवस फुगून कापडातून चीक सोडत होतं.

सत्यशीलाने कपाळावर हात मारून घेतला. जवसाचं पाणी चिकट होतं हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आजी गुडघ्यांना लावायची. इतकी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

ताराबाई काठावर बसून हसत सुटली. "राहू दे वं. बाजारात घालीन, लगनात घालीन. पाण्यात कायले पाह्यजे? मासोळ्याइले काय दाखवाचं हाय?"

पंधरा दिवसांनी सत्यशीलाचं ऑपरेशन झालं. पट्टी पहिल्यांदा उघडली तेव्हा तिला वाटलं होतं, आपण तयार आहोत. तयार नव्हती. ताराबाईची रेघ तिने बघितली होती, पण ती ताराबाईची होती. ही आपली. तिने डोळे मिटले, पुन्हा उघडले आणि आधी काखेकडे पाहिलं. तिथे चुणी नव्हती. ते तिने नर्सला सांगितलंही.

आठवडाभराने नवाच प्रकार सुरू झाला. उजव्या स्तनाचं बोंड खाजायला लागलं. जे नव्हतंच, ते. तिने ताराबाईला फोन लावला.

"तुमाले बी होते का?"

"होते ना. पहिल्या महिन्यात लय होये. कोणाले सांगू म्हटलं, पागल म्हणतीन."

"मंग काय करता?"

"डाव्याले खाजवतो. कधी थांबते, कधी नाई."

सत्यशीलाने करून पाहिलं. त्या वेळी थांबलं. असं का होतं, हे तिने पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईंना विचारलं. नसा तुटल्या तरी मेंदूतला नकाशा लगेच बदलत नाही, असं त्यांनी समजावलं. तो नकाशा कसा असेल, हाताची जागा मोठी की पायाची, असं विचारत तिने त्यांची आणखी दहा मिनिटं घेतली.

जखम पुरती भरल्यावर तिने स्वतःची पिशवी भरली. सहाशे ग्राम, मोजून. दुपारपर्यंत घालून शिवायला बसली आणि संध्याकाळी काढून ठेवली. खांद्यावर ब्राच्या पट्ट्याचा वळ उठला होता.

"माप चुकलं का?" हरिदासने काळजीने विचारलं.

"माप बरोबर हाय." ती वळ चोळत विचार करत होती. "पण ते माह्यं होतं तवा त्याचं वजन लागत नव्हतं. हे पट्ट्याले लटकून राह्यलं."

तिने थोडं जवस काढलं. दोन दिवसांनी आणखी काढलं. चारशे ऐंशीवर खांदा गप्प बसला. डॉक्टरीणबाईंना तिने तो आकडा सांगितला, तेव्हा त्यांनी तो लिहून घेतला. जखम भरल्याखेरीज कोणाला पिशवी द्यायची नाही, एवढं मात्र बजावलं. त्या वर्षात सत्यशीलाने अकरा पिशव्या शिवल्या. मणी उमाजीचे आणि तोलायचं काम ताराबाईचं. तपासणीच्या तारखा दोघी एकाच दिवसाच्या मागून घेत. सिंदेवाहीला ताराबाई गाडीत चढे आणि चंद्रपूरचं चांदाफोर्ट स्टेशन येईपर्यंत दोघींचं बोलणं संपत नसे.

अशाच एका तारखेला दवाखान्यात गडचांदूरची डिंपल भेटली. तेहतीस वर्षांची, ऑपरेशन होऊन तीन महिने झालेली. सत्यशीलाने सवयीने टेप काढला आणि पिशवीचं सगळं समजावून सांगितलं. डिंपलने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, मले पिशवी नाई पाह्यजे," ती म्हणाली. "मले तसंच राह्याचं हाय. पण ब्लाऊज घातलं का एका बाजूचं कापड पोत्यावानी लोंबते. एका बाजूले टक्स अन् एका बाजूले सपाट, असं शिवून देता येते का?"

ताराबाईने सत्यशीलाकडे पाहिलं. सत्यशीला टेप बोटांभोवती गुंडाळू लागली. बावीस वर्षं ती दोन बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून टक्स सरकवत आली होती. वेगळ्या दिसाव्यात असं कोणी सांगितलंच नव्हतं.

"येत असन," ती सावकाश म्हणाली. "गळा कसा बसन, ते पाहा लागन. सपाट बाजूले खांदा ओढला जाईन, नाई तं काखेचा मुंढा." कटिंग काढायला तिने शेजारच्या बाकावरचं वर्तमानपत्र उचललं. "हे कोणाचं हाय? मी घेऊ का?"

तिने पेपर गुडघ्यावर पसरला. ताराबाईने एक टोक धरलं, डिंपलने दुसरं, आणि सत्यशीलाने पेन्सिल टेकवून पहिली रेघ ओढली.