सुग्रीवच्या करदोड्याला बारा वर्षं

“मी काय किशनराव हाय का, चावी खिशात घालून रेल्वेत बसायला?” मनिषा काठावरून ओरडली. “द्या ती हिकडं. आन् ते रबर फेका आधी!”

“चावी माझ्या अंगावरच ऱ्हाती,” सुग्रीव म्हणला. “तुला काय कळतंय त्यातलं?”

मित्रांनो, ते रबर म्हणजे मी. मी एक जुना ट्यूबचा तुकडा हाय, मोटारसायकलच्या. वीतभर. आज गोदावरीच्या काठाला माझ्यावरून नवरा-बायकोची जुंपली, आन् मला मधी बोलता येईना. तोंड हाय मला, पर ते दोरीनं बांधलेलं.

सुग्रीव बुडी मारणारा हाय. शेतकऱ्यांच्या मोटारी नदीतून पाणी ओढत्यात. पायपाच्या खालच्या टोकाला जाळी असती, लोक तिला फुटबॉल म्हणत्यात. तिच्यात गाळ-चिंध्या अडकल्या की सुग्रीवला फोन येतो. तो गाडी काठाला लावतो, कपडे आत टाकतो, कुलूप लावतो आन् बुडी मारतो. नळी न्हाई, चष्मा न्हाई, नुसता दम. पर चावी ठिवायची कुठं?

आधी तो चपलीत ठिवायचा. एकदा कुत्र्यानं चप्पलच पळवली. मग एका खेपेला किशनरावच्या हातात दिली, ज्याची मोटर होती त्याच्याच. त्या बाबानं ती बंडीच्या खिशात टाकली, आन् सुग्रीव पाण्यात असतानाच चुडावा ठेसनावरून रेल्वेत बसून परभणीला लग्नाला गेला! सुग्रीव दिवस मावळूस्तोवर ओल्या टावेलावर काठाला बसून. येणारं-जाणारं हसायलंय. तवापासून माणसावरचा त्याचा इतबारच उडाला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण्याला, बन्सीधर पंक्चरवाल्याकडं.

बन्सीधरनं मला कापलं. एका टोकाला गरम पॅच मारला, दुसरं तीनदा दुमडून बांधायला दोरी दिली. मला फुगवून घमेल्यातल्या पाण्यात दाबलं, बुडबुडा येतो का बघितलं. न्हाई आला. “इमानदार हाय,” म्हणला. जिंदगीत माझी तारीफ तेवढीच झाली.

पुढं बारा वर्षं मी सुग्रीवच्या करदोड्याला, आन् चावी माझ्या पोटात. नदीच्या तळाला काय दिसत न्हाई. हात घातला तर गाळ, बस. सुग्रीवचा दम संपत आला की त्याचं पोट माझ्यावर थडथडायचं. त्याला भ्या वाटायचं ते मनिषाला ठाऊक न्हवतं, मला ठाऊक होतं. पर सांगू कुणाला? चावी एवढी वर्षं पोटात ऱ्हायली, एक शब्द बोलली न्हाई. वर आलं की सुग्रीव तिला पुसायचा. मला डॅशबोर्डवर भिरकावायचा, उन्हात, ग्रीसच्या डब्याशेजारी. लय राग यायचा. ऊन आन् तेल रबराला खातंय, एवढी साधी गोष्ट! एकदा तरी मला सावलीत ठिवलं का? एकदा तरी पुन्हा फुगवून बघितलं का?

मग दुमडायच्या जागी मला चीर गेली. केसावानी बारीक. कुणाला दिसली न्हाई.

सुग्रीवची आधीची गाडी जीप, तिची चावी लोखंडाची होती, भिजली तरी चालायची. औंदा सुग्रीवनं जुनीच पर दुसरी गाडी घेतली. तिची चावी बटनाची, आन् एकच. पाणी लागलं की मेली. आज परमेश्वर नावाच्या शेतकऱ्याच्या मोटारीचं काम झालं की मनिषाला घेऊन तसंच परभणीला जायचं होतं. सुग्रीवच्या आईला, गोजरबाईला, डोळ्याच्या ऑपरेशननंतर तीन वाजता सुट्टी होती. गाडी बंद पडली तर म्हातारी पट्टी बांधलेल्या डोळ्यानं तिथंच बाकड्यावर.

मनिषा पुढं आली. करदोड्याची गाठ सोडून मला ओढलं, चावी काढून त्याच्याच हातावर ठिवली. मग मला फुंकून फुगवलं, तीनदा दुमडून बांधलं आन् पाण्यात दाबलं.

मी लय जोर लावला, मित्रांनो. धरून ठिवायला बघितलं.

एक बुडबुडा आला. मग दुसरा. मग माळच लागली.

सुग्रीव बघतच ऱ्हायला. “बारा वर्षं एक थेंब आत गेला न्हाई...”

“त्या बाराचं काय सांगता?” मनिषा म्हणली. “आपल्या लग्नाला चौदा झाली. एकदा तरी माझ्या हातात चावी दिली का?”

 सुग्रीवनं चावी तिच्या तळहातावर ठिवली. “जाऊ नको कुठं.”

“कुठं जाऊ? मला काय गाडी चालवायला येती का?”

तो हसला आन् बुडी मारली. माझ्याबिगर, पहिल्यांदाच. मी दगडावर रिकामा पडून होतो. मनिषानं चावी मुठीत गच्च धरलेली, नजर पाण्यावर. तो वर आला तवा तिनं केवढा श्वास सोडला! पाण्याखालचं भ्या आता हिलाबी ठाऊक झालं, एवढंच वाटलं मला.

गाडी लगीच सुरू झाली. गेली परभणीला, टायमात. मला कुणी उचललं न्हाई. म्हातारी बसून ऱ्हाणार न्हाई ते बरं झालं, पर मित्रांनो, पोट लय रिकामं वाटायलंय. तुमच्याकडं असं काय कामाचं असंल तर उन्हात टाकू नका. धुवा, पुसा, मधून मधून फुगवून बघा. आमाला चीर गेली तर आमाला सांगता येत न्हाई.

परमेश्वरनं आता मोटर चालू केली. पायपाच्या जोडातून पाण्याची चिळकांडी उडायलीय. तो काय तरी हुडकायलाय. “आरं, रबर घावलं की! ह्याच्या पट्ट्या गच्च बसत्याल.”

हातात विळा हाय त्याच्या. बरं, मला जावं लागतंय आता.